रामकिसनची शेवटची फेरी

रामकिसननं त्या शुक्रवारी सकाळी बायकोला सांगून टाकलं होतं, की ही शेवटची फेरी. यापुढं खेड्यापाड्यांत जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणं बंद. ज्याचं बिघडलं त्यानं ते शिरूरला दुकानात आणावं, नाहीतर त्याच्यावर टोपली झाकून ठेवावी. जानकीनं मान हलवली आणि डबा हातात दिला. तीन वर्षांत हे ती चौथ्यांदा ऐकत होती.

पण या वेळी त्यानं खरंच मनावर घेतलं होतं. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, त्यातली बावीस वर्षं शिरूर कासारला दुकान. कमरेला पट्टा, डोळ्यांना नवा नंबर, आणि स्कूटर अशी, की चढ आला की आपणच तिला धीर द्यायचा. लोकांचं म्हणाल तर मशीन चालू आहे तोवर कुणी ओळख देत नाही, बंद पडलं की आत्ताच्या आत्ता या. आणि एवढं करून दुरुस्त करून दिलं की म्हणणार, ‘एवढंच होतं व्हय?’ या तीन शब्दांनी रामकिसन जेवढा दमला होता, तेवढा तो खड्ड्यांनीही दमला नव्हता.

चकलांब्याच्या पुढं एका वस्तीवर शाळा होती. तिथं पोहोचायला अडीच वाजले. मुख्याध्यापक भगवानराव फाटकातच उभे होते.

“चला भाऊ, लवकर. मशीन मेलंय बघा. लाइट न्हाई, आवाज न्हाई. पाचच्या आत यादी वर गेली पाहिजे.”

यादी होती वसतिगृहाची. दसरा झाला की वस्तीवरची निम्मी घरं ऊस तोडायला निघायची. त्यांची पोरं मागं राहून शिकावीत म्हणून शाळेत सहा महिने राहण्याजेवणाची सोय व्हायची. मात्र यादीत नाव असेल त्याचीच. एकतीस पोरांची कागदं भगवानरावांनी त्या एका कॉम्प्युटरात भरून ठेवली होती. ती पुन्हा गोळा करावीत म्हटलं तर अर्धे आईबाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघूनही गेले होते.

व्हरांड्यात शाळेची खिचडी शिजवणारी विमलबाई बसली होती. तिच्याजवळ दोन बोचकी बांधून तयार होती, एकात भांडी, एकात अंथरूण. फडक्यात गुंडाळलेले दोन कोयते वर खोचलेले. आणि त्यांच्यापासून हातभर लांब, भिंतीला टेकवून, एक दप्तर.

“सहाला ट्रक येनार हाय, दादा,” ती म्हणाली. “सायली नववीला हाय. यादी गेली तर ती हितं ऱ्हाईल. न्हाई गेली तर न्यावं लागंल संगं. घरी कुनाच्या भरवशावर ठिवू?”

रामकिसननं दप्तराकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. असलं दप्तर त्याचंही होतं. आईबापांबरोबर पाच हंगाम ते उसाच्या फडावर गेलं आणि न उघडता परत आलं. दरसाल शाळेत परतावं तर वर्ग पुढं गेलेला. आठवीला त्यानं परत जायचंच सोडलं, आणि बीडमध्ये एका रेडिओवाल्याच्या हाताखाली बसला. त्याला कुणी हुशार म्हटलं की अजूनही राग यायचा.

कॉम्प्युटरची नुकतीच पूजा झालेली दिसत होती. पुढच्या बटणाखाली हळदकुंकवाची बोटं, वर आपट्याची दोन पानं, आणि मागं पंख्याच्या जाळीला दोऱ्यानं बांधलेली झेंडूची जाडजूड माळ.

त्यानं भिंतीतल्या सॉकेटात टेस्टर लावला. वीज होती. आपल्याजवळची वायर माळेच्या खालून हळूच सरकवून लावली. काही नाही. कॅबिनेट उघडलं, पुढच्या बटणाच्या पिना काढून स्क्रूड्रायव्हर टेकवून पाहिला. काही नाही. रॅम काढून खोडरबरानं घासली, परत बसवली. त्यानं काही होणार नव्हतं, पण हाताला सवय. मग कमरेवर हात ठेवून वाकला आणि मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पॉवर सप्लायच्या, हिरव्या आणि काळ्या वायरीत एक वाकवलेली तार घातली. सप्लाय जिवंत असला की त्याचा पंखा फिरतो. पंखा हलला नाही.

“सप्लाय गेला, सर.”

“मग बदला की!”

“दुकानात हाय. शिरूरला जाऊन येईपर्यंत सहा वाजतेत.”

भगवानराव मटकन खुर्चीत बसले. दारातून विमलबाई सगळं ऐकत होती. ती व्हरांड्यात गेली, दप्तर उचललं, आणि भांड्यांच्या बोचक्याची गाठ सोडायला लागली.

ती गाठ सोडताना पाहून रामकिसनला असा काही थकवा आला, की तिथंच फरशीवर आडवं व्हावं वाटलं. सगळ्या जन्मात एवढ्या मशीन चालू केल्या, आणि ही एक नेमकी आज. मग तो चिडला, बहुतेक स्वतःवरच. सप्लाय काढून उघडू, आतला फ्यूज उडाला असला तर त्याच्या जागी तार जोडू, निदान तासभर तरी चालवू. पण सप्लायचे चार स्क्रू मागच्या बाजूला, आणि त्यांतले दोन माळेखाली.

पूजेच्या फुलांना उगीच हात लावू नये, हे त्याच्या घरचं. कोयत्यावरची फुलं आई स्वतः काढायची, दुसऱ्या कुणाला शिवू द्यायची नाही. म्हणूनच तो इतका वेळ माळेच्या कडेकडेनं काम करत आला होता.

“ही माळ कुनी बांधली?”

“मीच,” विमलबाई दारातून म्हणाली.

“मग तुमीच काढा, ताई.”

तिनं हात जोडले, दातानं दोरा तोडला आणि माळ पदरात घेतली. जाळीच्या शेजारी, वायरीच्या अगदी वर, एक काळा खटका होता. तो बंद होता.

काखेत कळसा नि गावाला वळसा. दुकानात शिकायला येईल त्याला पहिल्या दिवशी तो हाच खटका दाखवायचा. पहिल्यांदा हे बघ, मग पुढचं शहाणपण. रामकिसनची कानशिलं तापली. त्यानं वाकवलेली तार काढली, बटणाच्या पिना परत बसवल्या, अंगठ्यानं खटका दाबला, उघड्या कॅबिनेटच्या पुढचं बटण दाबलं, आणि पंखा घरघरला. पडदा उजळला.

विमलबाईचा हात तोंडावर गेला.

“दादा, त्यो खटका मीच दाबलता. खंडेनवमीला.” ती खटक्याकडं बघत सांगायला लागली. “कोयत्याला आमी त्या दिशी हात लावत न्हाई. वर्सभर राबतंय, एक दिस निजू द्यावं. म्हनलं, ह्ये मशीनबी लेकरांसाठी राबतंय. पुढं बटनाला आडचन नगं म्हनून माळबी मागं बांधली. माज्याच हातानं माज्या पोरीचं...” ती खालीच बसली आणि पदरातल्या फुलांसकट रडायला लागली.

भगवानरावांचा चेहरा लाल झाला. ते तिच्याकडं वळले, पुन्हा मशीनकडं वळले, आणि अखेर त्यांच्या तोंडून निघालंच, “एवढंच होतं व्हय?”

“एवढंच होतं, सर,” रामकिसन म्हणाला. “त्यांच्याकडं रागानं कशाला बघता? त्यांनी पूजा केली. खटका बघायचं काम माजं होतं. बावीस वर्सं झाली, अन् आज म्या बघितला न्हाई. तुमी यादी लावा.”

नेट रडत रडत चाललं. एकेक कागद वर चढत होता आणि तिघंही पडद्याकडं बघत उभे होते. एकोणिसावं नाव सायलीचं. पाचला दहा कमी असताना शेवटचा कागद गेला. विमलबाईनं पुन्हा पुन्हा विचारलं, “गेलं न्हवं? नक्की गेलं न्हवं?” भगवानरावांचा राग ओसरला होता. पोहोच आल्याचं त्यांनी तिला बोट ठेवून दाखवलं.

ट्रक साडेपाचलाच आला. हंगामाला निघालेल्या माणसाला घाई करायला सगळेच मोकळे असतात. विमलबाईच्या नवऱ्यानं दोन बोचकी वर टाकली. दप्तर घेऊन सायली व्हरांड्याच्या पायरीवर उभी होती. आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. मग ती स्कूटरपाशी आली.

“दादा, ह्ये परत बंद पडलं तर तुमी येताल न्हवं? पोरगी हितं एकलीच हाय.”

रामकिसनला सांगायचं होतं की वसतिगृहाचा आणि मशीनचा आता संबंध नाही, नाव गेलं ते गेलं. आणि त्यानं गावोगाव फिरणं सोडलंय, हेही. पण ती लगेच निघणार होती आणि त्याच्यात समजावण्याइतकी ताकद उरली नव्हती.

“येईन,” तो म्हणाला.

घरी पोहोचला तेव्हा कमर दगड झाली होती. जानकीनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि हसू दाबत विचारलं, “मग? शेवटचीच फेरी ना ही?”

त्यानं कमरेचा पट्टा सोडला आणि भिंतीला टेकून बसला.

“टोळ्या परत येईपर्यंत न्हाई,” तो म्हणाला.