डोक्यावरची रेघ

"पान आहे की. माझ्यासमोर उघडं आहे," क्रेग म्हणाला.

"तुझ्यासमोर आहे. सर्चमध्ये नाहीये," मी म्हटलं.

क्रेग माझा बॉस. टौरंगामध्ये आमचं वेबसाइट बनवणारं छोटंसं ऑफिस आहे. चार टेबलं, एक कुरकुरणारं कॉफी मशीन आणि खिडकीतून दिसणारे बंदरातले कंटेनर. मी मूळची पुण्याची, इथे साइट्सची टेक्निकल बाजू बघते. साइट दिसायला कशी असावी हे बाकीचे ठरवतात. ती लोकांना सापडते की नाही, ही डोकेदुखी माझी.

त्या सकाळी स्पीकरवर आरोहाताई होत्या. आरोहा माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी आहेत. आयुष्यभर नर्स म्हणून काम केलं आणि रिटायर झाल्यावर घरी बसवेना म्हणून एक ट्रस्ट चालवायला घेतला. ट्रस्टची एक व्हॅन आहे. किनाऱ्यावरच्या वस्त्यांमधून किडनीच्या पेशंट्सना डायलिसिससाठी हॉस्पिटलमध्ये न्यायचं आणि परत आणून सोडायचं, तेही फुकट. एक फोन केला की व्हॅन दारात. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना तोंडावर नुसतं आरोहाच म्हणते. मनात मात्र ताई लागतंच, त्याला माझा इलाज नाही.

"फोन वाजत नाहीये, वैशाली," त्या म्हणाल्या. "जुन्या पेशंट्सचं ठीक आहे, ते मला ओळखतात. पण नवीन कोणी येतच नाहीये. तुमची नवी साइट सुरू झाली आणि शुकशुकाट. काल हॉस्पिटलमधली रिसेप्शनिस्ट मला विचारते, व्हॅन बंद केलीत का?"

मी तिथल्या तिथे सर्च केलं. आम्ही बनवलेलं पान कुठेच नव्हतं. सगळ्यात वर आलं ते कुठल्यातरी जुन्या डिरेक्टरीचं पान. त्यावर ट्रस्टचा लँडलाइन नंबर होता, जो कधीच बंद झालाय.

इथे थोडं समजावून सांगते. आपण सर्च करतो तेव्हा सर्च इंजिन त्या क्षणी जगभरातल्या साइट्स धुंडाळत नाही. त्याचा एक प्रोग्राम, ज्याला आम्ही बॉट म्हणतो, सतत साइट्स वाचत फिरत असतो. वाचलेल्या पानांची तो सूची करतो. जाड पुस्तकाच्या शेवटी असते तशी. हेच इंडेक्स. तुमचं पान इंडेक्समध्ये नसेल तर शोधणाऱ्याच्या लेखी ते नसतंच, मग ते तुमच्या स्क्रीनवर कितीही सुंदर दिसत असो.

बॉटला काय वाचता आलं आणि काय नाही, याचा एक रिपोर्ट साइटच्या मालकाला मिळतो. मी तो उघडला. ट्रस्टच्या बहुतेक पानांपुढे एकच शेरा होता, नॉट फाउंड. म्हणजे बॉट त्या पत्त्यावर गेला आणि तिथे काही नव्हतं. पण मी मेन्यूतून क्लिक केलं तर पान उघडत होतं. पत्ता हाताने टाइप केला तरी उघडत होतं. मोबाइलवर उघडत होतं. क्रेगकडेही उघडत होतं.

"मग बॉट येडा आहे. येईल परत. थांबू दोन-चार दिवस," क्रेग म्हणाला. क्रेगच्या बहुतेक वाक्यांचा अर्थ इथल्या बोलीतलं 'स्वीट ॲज', म्हणजे 'होईल सगळं' असाच असतो. एरवी मला त्याचा हा स्वभाव आवडतो.

थांबलो. आणि आरोहाताईंचा पुन्हा फोन आला. या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता.

हेमी नावाचे एक आजोबा. एकटे राहतात. डायलिसिस नुकतंच सुरू झालेलं, त्यामुळे ट्रस्टच्या ओळखीचे नव्हते. त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात, हॅमिल्टनला असते. तिने व्हॅनचा नंबर सर्च केला, तिला जुन्या पानावरचा बंद नंबर मिळाला. व्हॅन बंद झाली असं समजून ती दुसरी सोय बघायला लागली. वडील म्हणाले, काळजी करू नकोस, शेजारी सोडेल. शेजाऱ्याला त्यांनी विचारलंच नव्हतं. लेकीला त्रास नको म्हणून म्हणाले. लागोपाठ दोनदा डायलिसिस चुकलं, अंगात पाणी साठलं, श्वास लागला आणि ॲम्ब्युलन्सने न्यावं लागलं.

"कसे आहेत?" मी विचारलं.

"वॉर्डमध्ये आहेत. सुधारतायत. पण मला सांग, आत्ता या क्षणी असे आणखी किती हेमी सर्च करत असतील? मला त्यांची नावं माहीत असती तर मी घरोघर गेले असते गं."

फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. वेबसाइटच्या कामात माणसं मरत नाहीत, असं मी नव्या मुलांना नेहमी सांगायचे. ते वाक्य त्या दिवसापासून बंद केलं.

एवढं कळत होतं की बिघडलेल्या सगळ्या पानांत एक गोष्ट समान आहे. त्यांच्या पत्त्यात माओरी शब्द होते. आणि माओरी शब्दांत काही स्वरांच्या डोक्यावर आडवी रेघ असते. रेघ असली की स्वर लांबवायचा. आपलं ऱ्हस्व-दीर्घच म्हणा ना. व्हॅनच्या पानाच्या पत्त्यात 'तूरोरो' असा शब्द होता, म्हणजे पेशंट. त्यातल्या 'तू'वर रेघ. इथे दरवर्षी साजऱ्या होणाऱ्या माओरी भाषेच्या आठवड्यात ट्रस्टने हौसेने ठरवलं होतं की नव्या साइटवर आपली भाषा नीट, रेघांसकट लिहायची. अगदी पानांच्या पत्त्यांतसुद्धा.

"मग रेघा काढून टाक," क्रेग म्हणाला. "पत्त्यात कोण बघतं? पाच मिनिटांचं काम आहे."

मी आरोहाताईंना फोन लावला. रेघा काढू का, असं विचारलं.

"आमच्या भाषेत केके म्हणजे केक," त्या म्हणाल्या. "दोन्ही स्वरांवर रेघ दिली की होते काख. तुला चहाबरोबर काय देऊ?"

मला त्या अवस्थेतही हसू फुटलं.

"माझ्या आईला शाळेत ही भाषा बोलली म्हणून पट्टी खावी लागली," त्या म्हणाल्या. "आमच्या ट्रस्टींनी त्या रेघांसाठी मीटिंगा घेतल्यात. पण माणसापेक्षा रेघ मोठी नाही. काढायला लागली तर काढ. फक्त त्याने पान नक्की सापडेल ना, एवढं सांग."

तिथेच माझी अडचण होती. मी नक्की सांगू शकत नव्हते. पत्ता बदलला की बॉटच्या दृष्टीने पान नवं होतं, सगळं पहिल्यापासून. आणि मूळ रोग तसाच राहिला तर? शिवाय, माझ्यासारख्या ज्या बाईने शाळेत वेलांटीसाठी लाल शेरे खाल्ले आणि जिला अजून 'दिन' आणि 'दीन'मध्ये गोंधळ घालणाऱ्यांचा राग येतो, तिच्या हाताला त्या रेघा पुसवेनात. मी एक दिवस मागून घेतला. मागितला खरा, पण रात्रभर हेमी आजोबा डोळ्यांसमोर होते.

दुसऱ्या दिवशी एक विचित्र गोष्ट हाती लागली. रिपोर्टमधला बिघडलेला पत्ता मी या वेळी टाइप न करता तसाच कॉपी करून ब्राउझरमध्ये पेस्ट केला. नॉट फाउंड! मग तोच पत्ता हाताने टाइप केला. पान उघडलं. पुन्हा पेस्ट, पुन्हा नॉट फाउंड. दोन्ही पत्ते एकाखाली एक ठेवले. अक्षर न् अक्षर सारखं. कुठे जास्तीची स्पेस नाही, टिंब नाही. मी क्रेगला बोलावलं.

"दोन्ही सेम आहेत," तो म्हणाला.

"सेम असते तर एक उघडून दुसरं बंद राहिलं नसतं."

"वैशाली, रेघा काढ. प्लीज. सोमवारी सकाळी काढूच."

शनिवार उजाडला. मी किचनच्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्याच दोन ओळींकडे बघत होते. माझा नवरा निखिल छातीवर हात चोळत फोनमध्ये काहीतरी शोधत होता.

"आत्याने ॲसिडिटीवरचा काढा पाठवला होता आपल्या ग्रुपवर. 'ॲसिडिटी' सर्च करतोय, सापडतच नाही."

"आत्या जुन्या कीबोर्डवरून टाइप करते," मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं. "तुझ्या फोनमध्ये ॲ हे एकच अक्षर आहे. ती आधी अ टाइप करते आणि मग त्यावर चंद्र देते. दिसायला सारखंच, पण सर्चला ती दोन वेगळी..."

वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

मराठीत टाइप करणाऱ्या कोणालाही हे दुखणं माहीत असतं. डोळ्यांना एक दिसणारं अक्षर कॉम्प्युटरच्या पोटात दोन तऱ्हांनी असू शकतं. अखंड, किंवा जोडून केलेलं. मी दोन्ही पत्त्यांतला 'तूरोरो' अक्षरागणिक सुटा केला. रोमन लिपीत त्याची अक्षरं सहा. एका पत्त्यात सहा निघाली. दुसऱ्यात सात. जास्तीची होती ती सुटी रेघ, आधीच्या साध्या अक्षराच्या डोक्यावर नुसती ठेवलेली!

"काय गं, माझा काढा मिळाला का?" निखिलने विचारलं.

"मिळाला," मी म्हणाले. "तुझा नव्हे, माझा."

मग सगळी साखळी दिसली. पानांची माओरी नावं ट्रस्टने एका फाइलमधून पाठवली होती. ज्या कॉम्प्युटरवर ती टाइप झाली, तिथे रेघ सुटी साठत होती. आमच्या डिझायनरने मात्र पानं बनवताना नावं स्वतः टाइप केली, अखंड अक्षरांत. माणसं मेन्यूतून यायची, त्यांना अखंड पत्ता मिळायचा आणि पान उघडायचं. बॉटला देण्याची पत्त्यांची यादी मात्र त्या फाइलवरून बनली होती. एवढंच नाही, तर प्रत्येक पानाच्या आत 'माझा खरा पत्ता हा' अशी एक ओळ असते, जी माणसांना दिसत नाही. तीही त्याच फाइलवरून भरली गेली होती. म्हणजे बॉट पानापर्यंत पोचला, तरी पान स्वतःच त्याला सांगत होतं, मी इथे नाही, तिकडे आहे. तिकडे काहीच नव्हतं. बॉट बिचारा सांगितल्याप्रमाणे वागत होता.

यातला चीड आणणारा भाग असा की दोघांचंही शुद्धलेखन बरोबर होतं.

मी त्याच दिवशी सगळे पत्ते अखंड अक्षरांत आणले. सुट्या रेघेचा पत्ता घेऊन कोणी आलं तर त्याला योग्य पानावर पाठवायची सोय केली. एकही रेघ काढली नाही. मग सर्च इंजिनला विनंती पाठवली, पानं पुन्हा वाचा. यापुढे माझ्या हातात काही नव्हतं. बॉट त्याच्या सवडीने येतो. त्याला फोन करता येत नाही, गळ घालता येत नाही. जुन्या डिरेक्टरीवाल्यांना तो नंबर काढायला लिहिलं, त्यांचं उत्तर आलं नाही.

ते मधले दिवस मी कसे काढले, मलाच माहीत. ब्रेड आणायला कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात गेले तरी काउंटरसमोर उभी राहून सर्च करायचे. बंद नंबर वर. पुन्हा सर्च. बंद नंबर वर. आपण काहीतरी चुकीचंच दुरुस्त केलंय, असं वाटायचं.

दरम्यान क्रेगने आरोहाताईंना ऑफिसात बोलावून सगळं समजावलं. तो चांगलं समजावतो. शेवटी म्हणाला, "थोडक्यात, चूक कोणाचीच नव्हती."

आरोहाताईंनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "हेमीच्या मुलीने मला विचारलंय, हे कोणामुळे झालं. तिला काय सांगू? कोणामुळेच नाही?"

क्रेगने माझ्याकडे पाहिलं.

"आमच्यामुळे, असं सांगा," मी म्हणाले. "साइट आम्ही सुरू केली. ती सापडते का, हे बघणं आमचं काम होतं."

क्रेग थोडा अवघडला, पण त्याने मान हलवली.

आणि मग एका दुपारी पान वर आलं. व्हॅनचं पान, चालू नंबर, आणि 'तूरोरो'वर रेघ. मी स्क्रीन तीनदा रिफ्रेश केली. संध्याकाळपर्यंत आरोहाताईंना एका नव्या पेशंटच्या घरून फोन आला. त्यांनी मुद्दाम विचारलं, नंबर कुठे मिळाला? सर्च केला, असं उत्तर आलं.

आता आमच्या ऑफिसात एक नियम आहे. नवी साइट झाली की पत्ते टाइप करून तपासायचे, पेस्ट करूनही तपासायचे आणि बॉटचा रिपोर्ट स्वच्छ आल्याशिवाय काम संपलं म्हणायचं नाही. डोळ्यांना बरोबर दिसतंय, हा पुरावा आम्ही धरत नाही.

हेमी आजोबा घरी आले. आता ते व्हॅनमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून जातात. त्यांच्या मुलीने आरोहाताईंकडून नंबर तोंडी विचारून घेतला, दोनदा वाचून खात्री केली आणि वडिलांच्या फ्रिजच्या दारावर जाड मार्करने लिहून ठेवला. साइटचा पत्ताही लिहून घे, आता सगळं नीट झालंय, असं आरोहाताईंनी तिला सांगून पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "फ्रिज बरा."