डोमकावळ्याचा खुळखुळा

कुमार, हे पत्र तुलाच आहे, पण गोष्ट तिऱ्हाइताची म्हणून सांगते. तुझ्याविषयी बोलायला लागलं की तुला लगेच मीटिंग आठवते.

तर कुमार रियाधला, ओलाया भागातल्या एका टॉवरात बसून, जोखीम कशी टाळावी हे बँकांना शिकवतो. टाळण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही. मिरजेला दुरुस्तीला टाकलेला तंबोरा आणून दे, असं त्याचे बाबा दर सुट्टीत त्याला सांगत. "पुढच्या खेपेला नक्की!" बाबा तंबोऱ्यावाचून गेले. नेमका तेव्हाच कुमारसाहेबांचा इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, एका कफीलकडून, म्हणजे जामीन राहणाऱ्या मालकाकडून, दुसऱ्याकडे चालला होता. देशाबाहेर पडता येईना. घाटावरचं सगळं चुलतभावाने, मनीषने केलं.

दहाव्याला कुमारने बाल्कनीत भाताचा पिंड ठेवला. कबुतरं तेवढी आली. बायको अनुराधा ती हाकलून दमली.

"आत्या, इथे कावळाच नाही गं," तो मला फोन करून रडकुंडीला आला. "बाबांचं काहीतरी राहिलंय."

"काय राहिलंय ते तुला पक्कं ठाऊक आहे. कावळा नसेल तर दर्भाचा करतात."

"रियाधमध्ये दर्भ?"

मग त्याला शेल्फ आठवलं. कॅनडाला परतलेल्या सहकाऱ्याने जाताना तिथल्या हैडा आदिवासी कारागिराने कोरलेला लाकडी खुळखुळा दिला होता. आकार डोमकावळ्याचा, त्यांच्या गोष्टीत यानेच उजेड चोरून जगात आणला. पाठीवर माणूस उताणा, त्याची जीभ बेडकाच्या जिभेला जोडलेली. त्यातून म्हणे शक्ती येते. पाहुण्यांना काय सांगायचं म्हणून अनुराधाने तो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. हैडांचे सरदार समारंभात नाचताना तो पोट वर करूनच धरतात. सुलटा धरला तर उडून जाईल, असं सहकाऱ्याने बजावलं होतं.

कुमारने सुलटा धरला. उलट्याची चोच भाताला पोचत नव्हती.

"बाबा, तंबोरा आणतो," म्हणत त्याने चोच टेकवली. आतले खडे वाजले. "शिवला, आत्या!" तो फोनवर ओरडला.

"शिवला? तू शिववलास."

"दर्भाचाही आपणच शिववतो ना?"

हुशार आहे. त्याचाच पगार मिळतो.

उडाला मात्र नाही तो. शेल्फवर आहे, पुन्हा भिंतीकडे तोंड करून. खरा कावळा असता तर असल्या आश्वासनावर पिंडाजवळ फिरकला नसता.

इकामा झाला. त्यानंतर तू येऊन गेलास, महाबळेश्वरही करून गेलास. तंबोरा मिरजेतच आहे. सांगलीहून मला अर्धा तास लागतो, पण मी जाणार नाही. ते काम तुला सांगितलं होतं.