लेखक एका खुर्चीत, प्रकाशक दुसऱ्या

बाजारपेठेतल्या दुकानदारांचे वजनकाटे सरळ करण्यात काटेकाकांची सदतीस वर्षं गेली. किराणा, लोखंड, औषधं, सोनं, जिथे म्हणून काही तोललं जातं तिथे वर्षातून एकदा ते लाकडी पेटी घेऊन हजर. पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये पितळेची वजनं. ती चिमट्यानेच उचलायची. बोटाचा घाम लागला तरी वजन फुगतं, असं काका सांगायचे, आणि सांगताना समोरच्याच्या बोटांकडे असं बघायचे की तो गुपचूप हात खिशात घालायचा. काटा केसभर जरी हलला तरी त्यांच्या हातून दाखला सुटायचा नाही. दुकानदार गयावया करायचे, "अहो काका, एवढंसं तर आहे!" काका म्हणायचे, "एवढंसं आहे म्हणून तर दिसलं."

निवृत्त झाल्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. 'काटा शून्यावर'. एकशे चौऱ्याऐंशी पानं.

ते तीन प्रकाशकांकडे गेलं. पहिल्याने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने फोनवर विचारलं, "याआधी काय प्रसिद्ध झालंय तुमचं?"

"काही नाही."

"मग आधी काहीतरी प्रसिद्ध करा, मग या आमच्याकडे."

तिसऱ्याने आठ महिन्यांनी बाड परत पाठवलं, ते कुणा भलत्याच बाईंच्या कवितांचं निघालं. सोबत चिठ्ठी होती : 'शेवट आणखी धक्कादायक हवा.'

काकांनी त्या बाईंना कविता पोचत्या केल्या आणि आपल्या बाडाची घरची प्रत घेऊन थेट छापखाना गाठला. दुकानांची पावतीपुस्तकं छापणारा ओळखीचा माणूस. त्याने विचारलं, "प्रकाशक म्हणून कुणाचं नाव घालू?"

"कुणाचं घालतात?"

"जो पुस्तक बाहेर काढतो त्याचं."

"मग माझंच घाल."

"काका, एकाच पानावर तुम्ही दोनदा येताय."

"येऊ दे. कुणाला धक्का लागत नाहीये ना?"

हा सगळा खटाटोप होता तिसऱ्या प्रकरणासाठी. काका नऊ वर्षांचे असताना वडिलांच्या दुकानातला काटा त्यांच्या हातून पडून वाकला होता. ते घाबरून पळाले. वडील आले तेव्हा काट्याजवळ आक्का उभी होती, त्यांची थोरली बहीण. तिने मार खाल्ला. "काटा मोडलास ना, आता बस दुकानात, पुड्या बांध," असं म्हणून वडिलांनी तिची शाळा बंद केली, ती सातवीत असताना. त्या दिवसापासून आजवर काकांच्या तोंडून खरं निघालं नव्हतं. निदान पन्नासदा ते तेवढ्यासाठी आक्काच्या घरी गेले, आणि पन्नासदा हवापाण्याचं बोलून परत आले. तोंडाने जमेना म्हणून लिहून काढलं. आता आक्काने ते वाचायचं, एवढंच राहिलं होतं.

आक्काने पुस्तक उलटंपालटं करून बघितलं. "शिक्का कुठाय?"

"कसला?"

"लायब्ररीचा. बारक्या, तुला माहितीये, लायब्ररीतलं नसेल ते मी वाचत नाही. शाळा सुटल्यापासून जे शिकले ते तिथे शिकले. चार शहाणी माणसं बघून घेतात तिथे. घरच्या घरी काय छापतात? खोट्या नोटा."

"आक्का, मी भाऊ आहे तुझा!"

"म्हणून तर चहा देतेय. घे."

काका दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेले. नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी पहिलं पान उघडलं आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. "तुम्हीच लिहिलंत, तुम्हीच छापलंत? नाही घेता येणार हो. लेखकाकडून पुस्तक घ्यायचं नाही असा नियम आहे. प्रकाशकांना पाठवा."

"प्रकाशक मीच."

"तसं कसं? आत्ता तर तुम्ही लेखक म्हणून आलायत. रजिस्टरमध्ये चढलंय." त्यांनी रजिस्टर फिरवून दाखवलं. "प्रकाशकांना सांगा, साडेपाचच्या आत या म्हणावं."

काका घरी आले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला. "हा घाला. आणि अहो, प्रकाशक जरा उशिरा जातात. पाच वाजता निघा."

सव्वापाचला काका पुन्हा त्याच टेबलासमोर. बाई चक्क उठून उभ्या राहिल्या! "या, या सर. बसा. पाणी?"

"सकाळी मी..."

"सकाळी तुमचे लेखक आले होते." बाईंनी आवाज खाली आणला. "राग मानू नका, पण फार घाई असते हो या लोकांना. तुम्ही कसं सांभाळता?"

काकांना हो म्हणावं की चिडावं कळेना. "करावं लागतं," ते म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना जरा वाईटच वाटलं.

पुस्तक निवड समितीकडे गेलं. गुरुवारी चार वाजता लेखक आणि प्रकाशक दोघांनीही समक्ष हजर राहावं, असं पत्र आलं. एक नाही, दोन पत्रं, दोन पाकिटांत, एकाच पत्त्यावर. पोस्टमनने दोन सह्या घेतल्या.

समितीच्या अध्यक्ष होत्या एक निवृत्त दंतवैद्य. त्यांच्यासमोर दोन खुर्च्या. एक हातांची, गादीवाली, तिच्यापुढे स्टुलावर वाफाळता चहा. दुसरी लोखंडी, घडीची.

"लेखक कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी."

"तिकडे." त्यांनी घडीच्या खुर्चीकडे बोट केलं. काका बसले. खुर्ची कुरकुरली. "तुम्हाला लिहा म्हणून कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"तक्रार तीच आहे. कुणी सांगत नाही आणि लोक लिहितात! बरं, प्रकाशक?"

काका उठले आणि गादीवर जाऊन बसले. अध्यक्षांचा सूर एकदम मऊ झाला. "नमस्कार. वेळात वेळ काढून आलात. चहा घ्या ना. या लेखकात तुम्हाला काय दिसलं?"

"माणूस सरळ आहे," काका चहाचा घोट घेत म्हणाले. "खोटं लिहिलेलं नाही."

"आणि उणं? अगदी मोकळेपणाने सांगा. दुखलं तर दुखू दे, लवकर बरं होतं."

इथे सदतीस वर्षांच्या सवयीने दगा दिला. पुढ्यात काटा असो की पुस्तक, कमीजास्त दिसत असताना दाखला द्यायचा कसा? काकांच्या तोंडून निघून गेलं, "तिसरं प्रकरण लांबलंय. जास्तच."

समितीत कुजबुज झाली. अध्यक्षांनी चष्मा पुढे ओढला. "मग काढून टाका ते."

काका ताडकन उठले, दोन ढांगांत लोखंडी खुर्चीत. "ते नाही निघणार!"

"तुमचे प्रकाशकच म्हणतायत."

"त्यांना काय कळतंय!"

"असं बोलू नये हो. त्यांनी तुमच्यावर विश्वास टाकलाय," अध्यक्ष म्हणाल्या आणि रिकाम्या गादीकडे बघून दिलगिरीचं हसल्या. "नियम सांगते. लेखक आणि प्रकाशक यांच्यात मतभेद असतील तर पुस्तक परत जातं. पाच मिनिटं देते. बाहेर जाऊन मिटवून या."

काका बाहेर आले. अरुंद पॅसेज, दोन्ही बाजूंना जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. पहिलं मिनिट ते नुसतेच उभे राहिले. एका माणसाने बाहेर येऊन मिटवायचं कुणाशी? मग त्यांना सरळ दिसलं. प्रकरण लांबलं होतं, कारण खरं होतं एका ओळीचं आणि त्या ओळीपर्यंत यायला त्यांनी बावीस पानं घेतली होती. वडिलांचं दुकान, पुड्यांचे दोरे, काट्याची साखळी, साखळीचा गंज. पन्नास वेळा आक्काच्या घरी जाऊन जे केलं, तेच कागदावर केलं होतं. कापायचं तर बावीस पानं कापा, पण मग त्या एका ओळीवर एकदम, उघडंनागडं येऊन उभं राहावं लागणार. त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. पॅसेजमधून जाणाऱ्या नोंदणीच्या बाईंनी विचारलं, "लेखक ना तुम्ही? रुमाल देऊ?"

काका आत गेले ते सरळ गादीवर बसले. "प्रकरण राहू दे," त्यांनी सांगितलं. "लांबी माझ्या जबाबदारीवर."

"कसं काय पटलं?"

"लेखक रडला."

अध्यक्षांनी कागदावर लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "लेखक हळवा. प्रकाशक समंजस. प्रकाशकाकडे पाहून पुस्तक स्वीकारावे." मग काकांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "पुढच्या वेळी चांगला लेखक बघा."

शनिवारी पुस्तकावर जांभळा शिक्का बसला. आक्काने ते त्याच दिवशी नेलं. तीन दिवस तिचा फोन नाही. काकांचं जेवणात लक्ष नाही. काकू दोनदा म्हणाल्या, "तुम्हीच करा की फोन." काका दोनदा फोनपर्यंत जाऊन परत आले.

बुधवारी सकाळी आक्का स्वतःच आली. चपला न काढता दारात उभी. हातात पुस्तक, मध्ये बोट खुपसलेलं.

"बारक्या, सत्तेचाळीस पानावर काय लिहिलंयस?"

काकांनी मान खाली घातली. "आक्का, मी पळालो. मी तेव्हा..."

"मी दारामागे होते. बघितलं होतं तुला पळताना."

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"नऊ वर्षांचा होतास. वाटलं, उद्या सांगशील." तिने चपला काढल्या. "मग वाटलं, परवा." आक्का आत आली, बसली, पुस्तक मांडीवर उघडलं. "बावीस पानं घेतलीस रे. मी प्रत्येक पानावर म्हणत होते, आता सांगेल, आता सांगेल."

काकूंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि त्या पुन्हा आत गेल्या.

"इथे," आक्का सत्तेचाळीस पानावर बोट ठेवून म्हणाली, "जोरात वाच. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

काकांनी चष्मा लावला. पहिल्या शब्दालाच आवाज फुटेना. ते पाणी प्यायले आणि त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून वाचायला घेतलं.