उभी बाटली, आडवी बाटली

बाळांनो, मागच्या रविवारी फोनवर धाकटीने विचारलं, की ज्यांना सगळं मुळापासून बदलायचं आहे त्यांनी सरकारी चौकटीत राहून लढावं की बाहेरून. तिच्या कॉलेजात त्यावरून दोन तट पडले आहेत म्हणे. बोलताना माझा मुद्दा भरकटतो, म्हणून लिहून कळवते म्हटलं. लिहितानाही भरकटतोच आहे. तेव्हा आमच्या गल्लीत यंदा जे झालं, तेवढंच क्रमाने सांगते.

अमरावतीची शाळेतली नोकरी संपवून मी अकोल्याला जुन्या शहरात राहायला आले, तेव्हापासून समोरच्या घरातली फुलवाली माझी शेजारीण. त्यांची गावाबाहेर झेंडूची वाडी आहे. तोडलेली फुलं बाजारात आणायचं काम तिच्या मुलाचं. देशी दारूने त्याचं यकृत खराब झालं. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं, की पुन्हा प्यायला तर आमच्या हातात काही नाही. आणि दारूचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशीच.

या दुकानाशी लढायची बायकांची एक रीत होती. कुणाच्या घरी फार झालं, की सगळ्या लाटणी घेऊन निघत, बाटल्या नालीत फोडत आणि दारात बसून राहत. पोलीस येऊन दम देत, पण जाताना मालकालाच सांगत, की थोडे दिवस शटर खाली ठेव. तेवढे दिवस गल्लीत शांतता असे. मग शटर पुन्हा वर.

मला ते पटत नसे. कायद्यात सोय आहे, असं मी त्यांना सांगितलं. वॉर्डातल्या बायकांनी सह्या करून अर्ज दिला की फक्त बायकांचं मतदान घेतात. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. वॉर्डातल्या एकूण बायकांपैकी अर्ध्याहून जास्त मतं आडवीला पडली, तर दुकान कायमचं बंद.

फुलवाली म्हणाली, "बाई, लाटण्यानं चार दिवस तरी बंद होते. कागदानं होईन का?"

"कायमचं होईल," मी म्हटलं.

अर्ज उत्पादन शुल्क खात्याकडे गेला. तो चालू असेपर्यंत दुकानापाशी गोंधळ करायचा नाही, असं तिथल्या साहेबांनी बजावलं आणि बायकांनी ते पाळलं. सह्या तपासण्यात महिने गेले. त्या महिन्यांत दुकान एक दिवसही बंद राहिलं नाही. फुलवालीचा मुलगा तेवढे दिवस दुकान टाळायला मोर्णा नदीच्या काठाने लांबचा वळसा घेऊन वाडीवर जाई. एकदा माझ्या ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "आजी, थे एकदाचं बंद होऊन जाऊ द्या. रोज वळसा घेनं नाई होत मले."

मतदानाची तयारी मी करून घेतली. समाजमंदिराच्या भिंतीवर कोळशाने दोन बाटल्या काढल्या आणि एकेकीला बोलावून आडवीवर बोट ठेवायला लावलं. पहिलीच उठली ती लाटणं घेऊन. तिने आधी उभ्या बाटलीला एक ठेवून दिली, मग आडवीवर बोट ठेवलं. सगळ्या हसल्या.

"हळू वं, भिंत पाडतं का?"

"भिंत नाई, तुह्या नवऱ्याची बाटली पाडून राहिली."

पुढची प्रत्येक जण तसंच करत गेली. मीही हसत होते.

लग्न होऊन बाळापूर, मूर्तिजापूरला गेलेल्या लेकींची नावं अजून इथल्याच यादीत होती. त्यांना सणाला आणतात तसं आणलं. ओटीचं सामान घराघरांत तयार होतं. एक जावई कुरकुरला तर सासूने त्याला सांगितलं, "बायको नाई मागून राहिलो, मत मागून राहिलो." शाळेबाहेर एवढी रांग मी कुठल्याच निवडणुकीला पाहिली नाही.

मोजणीला मी आत होते. कर्मचारी एकेक मतपत्रिका उघडून वर धरत होता. आडवी. आडवी. आणि मग अशी, जिच्यावर दोन शिक्के. उभ्या बाटलीवर एक, इतका जोरात मारलेला की शाई फाकलेली, आणि आडवीवर दुसरा, नीट. बाद. लगेच तशीच दुसरी. बाद मतांचा गठ्ठा वाढत गेला आणि आडवी बाटली अर्ध्याच्या अलीकडेच थांबली. त्या गठ्ठ्यातली थोडी मतं धरली असती तरी पुरलं असतं. मी वाद घातला. नियम मला वाचून दाखवला. तो बरोबर होता.

बाहेर येऊन सांगितलं तेव्हा फुलवाली म्हणाली, "आधी उभीले ठोकली, मंग आडवीले मत देल्लं. तसंच तर करत होतो ना आपन?"

वर्षभर पुन्हा मतदान मागता येत नाही. ती एवढंच म्हणाली, "वर्षभर थो थांबन का?"

दुसऱ्याच सकाळी बायका लाटणी घेऊन निघाल्या. पोलीस त्यांच्या आधी पोचले होते. ठाणेदार या वेळी मालकाशी बोललेच नाहीत, मला म्हणाले, "बाई, तुमच्याच बायकांनी मत देऊन दुकान राखलं. आता हात लावाल तर गुन्हा दाखल करीन." पूर्वी त्यांच्याकडे असा निकाल नव्हता. तो आम्ही त्यांना मिळवून दिला. लेकी बसस्टँडकडे गेल्या, बाकीच्या एकेक करून घरी वळल्या.

धाकटीला उत्तर हवं आहे. बाहेरून लढताना चार दिवस मिळायचे. आत गेलो आणि तेही गेले. पण बाहेरच राहिलो असतो तर ते चार दिवसही कधीतरी संपलेच असते. याहून पुढे मला दिसत नाही, आणि दिसतं असं खोटं मी लिहिणार नाही.

फुलवाली आता रोज बाजार आटोपला की दुकानाच्या पायरीवर जाऊन बसते. काही फोडत नाही, काही बोलत नाही, म्हणून तिला कुणी उठवत नाही. मीही जाऊन बसते. कशासाठी, ते मला नीट सांगता येणार नाही. काल तिचा मुलगा आला. वळसा त्याने केव्हाच सोडला आहे. आईने त्याचा पाय धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही. तसाच उभा राहून आमच्या डोक्यांवरून त्याने हात आत घातला आणि मालकाने त्यात बाटली ठेवली.