सीटचा भाव आणि सतरा पायऱ्या

सांगितलेल्या भावाने मी आयुष्यात दोनच गोष्टी घेतल्या: रेल्वेचं तिकीट आणि पोस्टाचं पाकीट. बाकी सगळं, म्हणजे राहतं घर, स्कूटर, वास्तुशांतीचा भटजी, अगदी अपेंडिक्सचं ऑपरेशनसुद्धा, मी घासाघीस करूनच पदरात पाडून घेतलं. सर्जन वैतागून म्हणाला होता, "भाईसाहब, अब टेबल पर लेटे-लेटे तो मत कीजिए." तरी दोनशे कमी केलेच.

त्यामुळे नव्वदीच्या दशकात मुलीला इंजिनिअरिंगला घालायची वेळ आली तेव्हा मी घाबरलो नाही. भाव असला की तो कमी होतो, एवढं मला ठाऊक होतं.

लखनौला मी अमरावतीकडून आलो तो छावणीतल्या क्वार्टरांना चुना मारणाऱ्या एका कंत्राटदाराच्या बादल्या उचलायला. बारा वर्षांनी त्याच क्वार्टरांच्या रंगकामाची टेंडरं माझ्या नावावर सुटायला लागली. महानगर नावाच्या कॉलनीत घर घेतलं. वास्तुशांतीला माझे साडू आले, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. रेल्वेत इंजिनिअर, क्लास वन, बंगल्यावर सरकारी माळी. भर पंगतीत त्यांनी जिलबी मोडत सांगितलं, "इंजिनिअर आकडा काढतो आणि कंत्राटदार तो आकडा खातो." पंगत हसली. मीही हसलो, कारण जेवण माझं होतं. पण ती जिलबी माझ्या घशात अजून अडकलेली आहे. त्याच दिवशी मी ठरवलं, माझ्या पोरीला इंजिनिअर करणार आणि तिला ह्या माणसासमोर खुर्चीत बसवणार.

पोरगी हुशार होती. तिला इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकल हवं होतं. घरातले बिघडलेले रेडिओ ती उघडायची आणि त्यातले निम्मे चालूही करायची. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत. साडूंचा मुलगाही त्याच वर्षी बारावीला. गणितात तिच्यापेक्षा कच्चा, इंग्रजी बोलण्यात पक्का.

मी एका कोऱ्या टेंडर फॉर्मच्या पाठीमागे रकाने आखले. कॉलेज, फॉर्मची किंमत, बँक ड्राफ्ट, परीक्षेच्या गावाला दोघांचं जाणं-येणं, चार वर्षांची फी, होस्टेल, आणि शेवटी चान्स. चान्स मी आण्यांत मांडला, सोळा आणे म्हणजे खात्री. देशभराच्या मोठ्या परीक्षेला अर्धा आणा. पोरगी चिडली. "पापा, आधा आना?" म्हटलं, बापाचा जीव आहे म्हणून अर्धा, बाहेरच्या माणसाने पावच दिला असता.

महाराष्ट्राचा रकाना आधी खोडावा लागला. गावाकडच्या भावाने पत्रातून कळवलं की इकडे ज्याची बारावी इकडची, त्याचा नंबर आधी, लखनौची मुलगी बाहेरची धरतात. बरं, लखनौत राज्याच्या परीक्षेसाठी निवासाचा दाखला काढायला गेलो, तर तहसीलमधला बाबू जन्मदाखला बघून म्हणाला, "पैदाइश तो अमरावती की है. ये यहाँ की कैसे हुई?"

आता पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे त्याला कसं समजवायचं? मी म्हटलं, बायको तिच्या आईकडे गेली होती, तीन महिन्यांनी परत आली, येताना मुलगी घेऊन आली. तो म्हणाला, "वही तो. बाहर से लाए हैं." मी इतका ओरडलो की व्हरांड्यातला चहावाला आत डोकावला. शेवटी चौदा वर्षांची विजेची बिलं त्याच्या टेबलावर आपटली तेव्हा दाखला मिळाला. म्हणजे पोरगी अमरावतीला लखनौची आणि लखनौत अमरावतीची. राज्याच्या परीक्षेला मी सहा आणे लिहिले.

पण खरी चूक मी पुढे केली. त्या काळी प्रत्येक फॉर्मला गुणपत्रिकेच्या नकला लागत आणि प्रत्येक नकलेवर गॅझेटेड अधिकाऱ्याची सही लागे. माझ्या ओळखीत असा अधिकारी एकच. दर रविवारी मी फाइल घेऊन साडूंच्या बंगल्यावर जायचो. ते हिरव्या शाईचं पेन काढायचे, टोपण हळूच फिरवायचे आणि मूळ कागद उजेडात धरून असे बघायचे की जणू मी गुणपत्रिका घरीच रंगवून आणली आहे.

"साडूभाऊ, किती ठिकाणी भरताय?"

"जिथे मिळेल तिथे."

"आमचा एकच ठिकाणी भरतोय. मेरिट असलं की एक पुरतं."

मी पुढची नक्कल सरकवली. सही हवी होती ना! अशा रीतीने माझा प्रत्येक फॉर्म, माझा प्रत्येक बेत त्यांच्या हाताखालून गेला. दक्षिणेकडच्या एका खासगी कॉलेजचा फॉर्मसुद्धा. त्याला त्या कॉलेजच्या एजंटचं कार्ड टाचलेलं होतं, आणि ते काढायचं मला सुचलं नाही. साडूंनी कार्ड वाचलं, उलटून मागची बाजूही वाचली. "हे डोनेशनवालं दिसतंय. छे छे! असल्या ठिकाणी मुलं घालू नयेत." आणि सही केली.

जूनमध्ये निकाल लागले. अर्धा आणा अपेक्षेप्रमाणे बुडाला. राज्याच्या परीक्षेत पोरीला नंबर मिळाला, पण असा की काउन्सेलिंगला तिची पाळी येईपर्यंत फळ्यावर काय शिल्लक राहील ते कोणी सांगू शकत नव्हतं. काउन्सेलिंगला आठ दिवस होते. आणि एजंट चारबागच्या एका हॉटेलात दोनच दिवसांसाठी उतरला होता. त्याच्या रकान्यात मी सोळा आणे लिहिले होते. चान्स सोळा आणे, रुपये माझे.

स्कूटरवर मागे बसवून पोरीला नेलं. स्टेशनसमोर हॉटेल, पहिल्या मजल्यावर खोली, मध्ये सतरा पायऱ्यांचा अरुंद जिना. त्या मी मोजल्या, कारण वर चढताना उतरायचा विचार करून ठेवायची मला सवय आहे. एजंट पलंगावर मांडी घालून बसलेला, पुढ्यात कॉलेजचं रंगीत पुस्तक, भिंतीला पोपडे. मी आधी पोपडेच बघितले.

"इलेक्ट्रॉनिक्स में एक ही सीट बची है," तो म्हणाला. "डोनेशन एक लाख बीस. फी अलग."

मी नव्वदपर्यंत जायचं ठरवून आलो होतो. साठपासून सुरुवात केली. तो हसला. मी कॉलेजच्या इमारतीचा फोटो बघून म्हटलं, ह्याला दोनच हात मारलेत, तीन वर्षांत भिंती काळ्या पडतील. तो एक दहावर आला. मी सत्तर. त्याने मुलीकडे बघून बर्फी पुढे केली. मी बर्फी खाल्ली आणि पंच्याहत्तर म्हटलं. तासाभराने तो पंच्याण्णववर येऊन थांबला, मी पंच्याऐंशीवर. मध्ये दहा हजार उरले होते, आणि माझा स्वतःचा आकडा त्या दहाच्या बरोबर मधोमध होता.

इथे माझं हुकमी अस्त्र मी काढलं. अमीनाबादच्या सबंध बाजारात ते कधी फसलं नव्हतं. उठायचं, पाठ फिरवायची, चपला घालायला जरा वेळ लावायचा आणि चालू लागायचं. तिसऱ्या पावलाला दुकानदार हाक मारतोच. "चल बेटा," मी म्हटलं. पोरगी उठली. स्कूटरवरून येताना तिला हे शिकवूनच आणलं होतं: मागे बघायचं नाही, आणि आकडा ऐकल्याशिवाय वळायचं नाही.

पाच पायऱ्या उतरलो. हाक नाही. मी चपलेचा पट्टा सोडला आणि पुन्हा लावला. नववी पायरी. हाक नाही. आणि खालून वर कोण यावं? साडू. हातात ब्रीफकेस, मागे चिरंजीव.

जिना अरुंद. चौघं तिथेच अडकलो.

"साडूभाऊ! तुम्ही इथे?"

"रंगाचं काम निघालंय," मी म्हणालो. "भिंती बघायला आलो होतो. तुम्ही?"

"पाहुणे यायचेत. खोली बघतोय."

चिरंजीव आपल्या बुटांकडे बघत राहिला. दोघांनीही पोट आत घेऊन एकमेकांना वाट दिली. खाली रस्त्यावर आल्यावर पोरगी म्हणाली, "पापा, घर में चार कमरे हैं मौसाजी के. मेहमान होटल में क्यों रुकेंगे?" तोवर माझ्या डोक्यात ते कार्ड आणि ती हिरवी शाई एकदम उजळली होती. पण रंगकामाची थाप मारून झाली होती, आता कुठल्या तोंडाने वर जाणार?

वीस मिनिटांनी साडू उतरले. आमच्याकडे न बघता रिक्षात बसले. मी सतरा पायऱ्या तीन झेपांत चढलो.

एजंट नोटांना रबर लावत होता. "वो तो गई, भाईसाहब. पूरे एक बीस में. साहब लोग मोलभाव नहीं करते, उन्हें निकलने की जल्दी रहती है."

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मैकेनिकल है. एक दस. आपके लिए रोक देता हूँ, काउन्सेलिंग के दिन सुबह फिर यहीं मिलूँगा." खरोखर एकच सीट होती की प्रत्येकाला तो एकच सांगत होता, हे मला आजही कळलेलं नाही. पण साडूंनी माझ्याच फाइलमधला पत्ता वापरला, हे मात्र पक्कं कळलं.

पुढचे सात दिवस मी घरात ज्याच्या त्याच्यावर डाफरत काढले. बायको म्हणाली, "अहो, पाच हजारांसाठी घालवलीत ना सीट?" मी म्हटलं, तुझ्या बहिणीच्या नवऱ्याने चोरली. ती म्हणाली, "तुम्ही सोडून आलात, त्यांनी उचलली." तिचं माहेर नेहमी असं मध्ये येतं.

काउन्सेलिंगच्या सकाळी मी ठरवून टाकलं. बँकेतून एक दहा काढून आणलेले होते. काउन्सेलिंगला जाऊन फळ्यावरचा उरलासुरला कचरा घेण्यापेक्षा मेकॅनिकल तर मेकॅनिकल, साडूंच्या पोराच्या कॉलेजात माझी पोरगी बसलीच पाहिजे. पोरीला तसं सांगितलं.

ती नाश्ता करत होती. पोह्यांतले दाणे बाजूला काढत म्हणाली, "मशीन पढ़नी है मुझे कि मौसाजी को दिखानी है?"

"दोन्ही."

"मैं काउन्सेलिंग जाऊँगी. आप बाहर बैठेंगे, अंदर मुँह नहीं खोलेंगे. जो मिलेगा, ले लूँगी. और एक दस में से जो बचेगा, उसका आधा मेरे नाम की पासबुक में. हिसाब नहीं पूछेंगे आप."

शेवटच्या वाक्याला माझा संताप झाला. माझ्या घरात मिठाच्या पुडीचाही हिशोब विचारला जातो. मी म्हटलं, "पाव हिस्सा. आणि हिशोब द्यायचा."

"आधा."

"पाव. आणि सगळे मूळ दाखले माझ्या पिशवीत आहेत, हे विसरू नकोस."

तिने ताटली धुऊन ठेवली. उठली, पाठ फिरवली, दारात चपला घालायला जरा वेळ लावला आणि चालू लागली. मला हसूच आलं. माझीच विद्या, मलाच दाखवत होती. दाखल्यांशिवाय तिला काउन्सेलिंगच्या फाटकातून कोणी आत घेणार नव्हतं, हे मला माहीत होतं आणि तिलाही. मी खुर्चीतून हललो नाही. तिसरं पाऊल झालं. दहावं झालं. अंगणाचं फाटक वाजलं. बायको म्हणाली, "अहो, ती चालली." मी म्हटलं, कोपऱ्यावरून परत येईल. खिडकीतून बघितलं. कोपऱ्यावर सायकल-रिक्षा उभी होती आणि पोरगी तिच्यात चढून बसली.

रिक्षा हलली. दहा वाजता तिचा नंबर पुकारला जाणार होता, दाखले माझ्या मांडीवर होते आणि ती मान ताठ ठेवून समोर बघत होती.

मी धावलो. एका पायात चप्पल, काखेत पिशवी. महानगरसारख्या कॉलनीत सकाळी आठला सगळे दारात उभे असतात. त्या सगळ्यांदेखत मी ओरडत होतो, "आधा! अरे रोको! आधा!" रिक्षा थांबली. पोरगी वळली नाही. मी जवळ जाऊन धापा टाकत म्हणालो, "हिशोब विचारणार नाही." तेव्हा वळली आणि सरकून मला बसायला जागा दिली.

काउन्सेलिंगच्या दारात मी खरोखर तोंड मिटून बसलो, बापांच्या त्या लांबलचक बाकड्यावर. दीड तासाने ती चिठ्ठी घेऊन आली. पूर्वेकडचं एक लांबचं सरकारी कॉलेज, इलेक्ट्रिकल. चार वर्षांची फी एजंटच्या डोनेशनच्या पासंगालाही पुरत नव्हती. तिच्या हातात माझ्याच टेंडर फॉर्मचा कागद होता. माझ्या आण्यांच्या शेजारी तिने आदल्या वर्षी कुठली शाखा कुठल्या नंबरला संपली ते बारीक अक्षरात लिहून आणलं होतं. सहा आणे खोडून तिने अकरा केले होते. मला कोणी दाखवलं नव्हतं.

साडूंचा मुलगा त्या दक्षिणेकडच्या कॉलेजातून इंजिनिअर झाला आणि त्याचं चांगलं चाललं आहे. वाईट चाललं असतं तर हे लिहायला जास्त मजा आली असती. आता लग्नकार्यात भेटलो की साडू माझ्या मुलीची चौकशी करतात आणि वर म्हणतात, "तिच्या सगळ्या कागदांवर सही माझी आहे."

काउन्सेलिंगच्या त्याच दुपारी आम्ही बँकेत गेलो. तिच्या पासबुकात पैसे भरायची स्लिप मी लिहिली, आणि हाताला सवय म्हणून पाचशे कमी लिहिले. पोरीने आकडा वाचला. मग फक्त दाराकडे बघितलं. मी दुसरी स्लिप मागितली.