चिठ्ठी म्हणाली, चालू आहे

“सर, काटा वजन दाखवतोय, पन नोंदच होत न्हाई,” वरवंडजवळच्या दूध शीतकरण केंद्रातल्या ऑपरेटर सुनंदाताई फोनवर सांगत होत्या. तिथली कॉम्प्युटर सिस्टिम मीच बसवलेली. मी शिरूरला घरी चहा पीत होतो. लॅपटॉप उघडला. स्क्रीन हिरवीगार.

“ताई, सिस्टिम ठणठणीत आहे. टेबलाखालची वायर तुमच्या पायानं निघाली असेल.”

“वायर बघितली, सर.”

“परत बघा,” मी म्हणालो. आवाजात काय तो रुबाब!

फोन चालूच होता. कॅन घेऊन उभ्या रांगेसमोर मॅनेजर त्यांना म्हणाला, “कॉम्प्युटर जमत न्हाई तर उद्यापासून येऊ नका.” ताई कॉन्ट्रॅक्टवर होत्या.

मी गाडी काढली. न्हावरे, चौफुला, वरवंड. पोचल्यावर दहा मिनिटांत गुन्हेगार सापडला. प्रोग्रामच्या फाईलवर माझंच नाव होतं.

झालं होतं असं. केंद्रात दोन सर्व्हर. एक काम करतो, दुसरा तयारीत बसतो. त्यांच्यावर क्लस्टर नावाचा मुकादम. तो सारखा विचारतो, ‘नोंदी करणारी सर्व्हिस चालू आहे का?’ उत्तर आकड्यात द्यायचं. शून्य म्हणजे चालू, तीन म्हणजे नीट बंद. हे उत्तर देणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे नोंदीच्या सॉफ्टवेअरची स्क्रिप्ट, मात्र नीट बंद असतानाही एक सांगायची, म्हणजे बिघाड. त्यामुळं केंद्राच्या उद्घाटनाच्या सकाळी तयारीत बसलेला चांगला सर्व्हर लाल दिसायला लागला. बाहेर चेअरमन हार घालून उभे.

मी जादू केली. सर्व्हिस सुरू होताना चिठ्ठीसारखी एक फाईल ठेवायची, बंद करताना काढायची. मुकादमानं विचारलं की फक्त ती चिठ्ठी बघायची. आहे? शून्य. नाही? तीन. मग सगळ्यांसमोर एका सर्व्हरची वायर उपटली, मुकादमाला त्याच्याकडून उत्तरच येईना, दुसऱ्यानं काम उचललं, टाळ्या पडल्या. मी वाकून नमस्कारही केला.

पण सर्व्हर चालू असताना नुसती सर्व्हिसच मेली, तर चिठ्ठी कोण काढणार? ताईंचा फोन आला त्या सकाळी तेच झालं. चिठ्ठी जागेवर, मुकादम निवांत, दुसरा सर्व्हर हातावर हात ठेवून.

सर्व्हिस सुरू केली, नोंदी चालू झाल्या. मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो, दार लोटलं आणि सगळं कबूल केलं. त्यानं ताईंना आत बोलावलं. “तुमची चूक न्हवती. उद्या या.”

ताई माझ्याकडं बघत म्हणाल्या, “हे भाईर सांगा की.”

मी बाहेर गेलो. शेवटचा कॅन रिकामा होत होता. वहीत वजनं लिहून घेऊन रांग कधीच पांगली होती. ज्यांच्यासमोर बाईचा अपमान झाला, ते सगळे तिचीच चूक समजून घरी गेले होते. उरलेल्या एका आप्पांना मी सांगितलं. ते म्हणाले, “आसं व्हय,” आणि गाडीला किक मारली.

स्क्रिप्ट मी त्याच दुपारी दुरुस्त केली. आता ती खरी सर्व्हिस जिवंत आहे का ते बघते आणि मगच आकडा सांगते. तपासायला मी ताईंकडून सर्व्हिस मारून घेतली. दुसऱ्या सर्व्हरनं काम उचललं. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं, ते बरंच झालं.

धडा एवढाच: स्टेटस ज्याचं त्यालाच विचारावं. आणि चूक जितक्या लोकांसमोर दुसऱ्याच्या गळ्यात घातली, तितके लोक हजर असतानाच ती कबूल करावी.