अर्ध्या पोटाचा दर

रंगारी भिंत पाहिल्याशिवाय दर सांगत नसे. गिऱ्हाइकं फोनवर चाचपायची, "साधारण किती होईल हो?" तो म्हणायचा, "आधी भिंत दाखवा." ओल दिसते एकीकडे, मुरलेली असते भलतीकडे, हे त्याची बोटं तीस वर्षं शिकली होती.

बायकोच्या उजव्या बरगडीखाली पंधरा दिवस दुखत होतं. काल ती ओट्याला धरून उभी राहिली आणि तशीच खाली बसली. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली : पोटाची सोनोग्राफी, पूर्ण, लगेच.

खिशात आठशे होते. चिठ्ठी घेऊन तो चार दवाखाने फिरला. पहिल्या, मोठ्या दवाखान्याने बावीसशे सांगितले, दुसऱ्याने अठराशे. तिसऱ्या ठिकाणी घासाघीस केली, तर काचेमागचा माणूस म्हणाला, "काका, ही भाजी नाही."

चौथा दवाखाना जिन्याखाली होता. तिथल्या बाईंनी विचारलं, "पूर्ण पोट की नुसतं खालचं?"

"फरक काय?"

"पूर्ण तेराशे, खालचं साडेसातशे. चिठ्ठीत काय लिहिलंय?"

चिठ्ठी वरच्याच खिशात होती. "घरी राहिली," तो म्हणाला. "खालचंच आहे."

"मग खाल्लं तरी चालेल. पाणी मात्र भरपूर पाजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतः तिला दुधात ब्रेड बुडवून भरवला, वर चार तांबे पाणी. "अहो, मला काय टँकर समजलात?" ती हसली. हसताना बरगडीवरचा हात तिने काढला नाही.

अंधाऱ्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठं दुखतं?"

तिने बोट ठेवलं.

"मग पावती खालच्या पोटाची कशी?"

रंगाऱ्याने खिशातून चिठ्ठी काढली. ती वाचून त्यांनी पावतीशेजारी ठेवली. मग म्हणाल्या, "असू दे. वरचंही बघते, पैशाचं नंतर पाहू. काही खाल्लं नाहीये ना?"

"दूधब्रेड," बायको म्हणाली.

त्यांनी पावतीपुरतं खालचं पोट पाहिलं आणि हातातलं यंत्र परत खुंटीला लावलं. "खाल्लं की पित्ताची पिशवी आकसते. आत खडा आहे की आणखी काही, नीट दिसणार नाही. आम्ही दुपारी बंद करतो, उद्या-परवाही सुट्टी. इतके दिवस थांबू नका. सहा तास उपाशी ठेवा आणि संध्याकाळी मोठ्या दवाखान्यात न्या."

म्हणजे बावीसशे. उरले होते पन्नास.

बाहेर बाकावर ती वाकून बसली. कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते. सहा तासांतला पहिला अजून सरायचा होता. त्याने तिच्या पाठीवर तळहात ठेवला. कुठं दाबावं, कळेना.

"खालचं घेतलंत, त्यात किती वाचले हो?" तिने विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

आकडा त्याला तोंडपाठ होता. त्याने खिशातले उरलेले पन्नास तिच्या हातावर ठेवले.